रोटर मोडतो तेव्हा कोणती पदवी कामाला येते? वाळवा तालुक्यातल्या एका प्रवेशाचं प्रकरण

हे प्रकरण कुण्या एका घराचं नाही. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात बारावीच्या निकालानंतर घरोघरी जो घोळ होतो, त्यावरून ते बेतलं आहे. त्यामुळे नावं नाहीत.

घर वाळवा तालुक्यातलं. जमीन सहा एकर, त्यात पाच एकर ऊस. 50 एचपीचा ट्रॅक्टर, सहा फुटी रोटर (रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार), पलटी नांगर आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेलं पाचट कुट्टीचं यंत्र. घरचं रान उरकलं की वडील आणि चुलते भाड्यानं कामं करतात, आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यावरच निघतो. थोरली मुलगी बारावी विज्ञान झाली. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय ठेवले होते. सीईटी पीसीएम गटातून दिली, गुण मध्यम. प्रवर्ग ओबीसी, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. ट्रॅक्टर ती चालवतेच, शिवाय डिझेल, तास आणि भाड्याची वही तिच्याच हातात.

वडिलांचं म्हणणं बीएस्सी अ‍ॅग्री कर, मग एमपीएससी दे. चुलत्यांचं म्हणणं जवळच्या कॉलेजात मेकॅनिकल घे, रोज घरी येशील. गावातला मिस्त्री म्हणतो, हाताचं काम शिकायचं तर आयटीआयच. मुलगी एकच वाक्य म्हणते: "मला यंत्रांचंच शिकायचंय." वाक्य सरळ वाटतं, पण त्यात निदान तीन निरनिराळी कामं दडलेली आहेत आणि प्रत्येकाचं कॉलेज वेगळं आहे. यंत्र दुरुस्त करणं हे एक काम. नवं यंत्र कागदावर रचणं हे दुसरं. यंत्र, जमीन आणि पीक यांचा मेळ बसवणं, म्हणजे कोणतं यंत्र कुठे चालेल, किती वेगानं, एकरी किती खर्चात, हे तिसरं. पदवीचं नाव वाचून यातलं काय मिळेल ते कळत नाही. म्हणून घरातलीच एक अडचण घेऊन प्रत्येक अभ्यासक्रम त्यावर घासून पाहिला, तर निवड सोपी होते.

अडचण अशी. रोटरच्या पीटीओ शाफ्टचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटरपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (जॉइंटमधला चार टोकांचा तुकडा) हंगामात दोन-तीनदा तुटतो. क्रॉस नवा बसतो, महिनाभर चालतो, पुन्हा तुटतो. शेअर बोल्ट वारंवार तुटतो म्हणून कुणीतरी तिथे जास्त ताकदीचा बोल्ट घातला. त्यानंतर बोल्ट तुटायचा थांबला आणि गिअर बॉक्सचा दाता गेला. हे व्हायचंच होतं. शेअर बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, दगड लागला तर तो तुटावा आणि गिअर वाचावा म्हणून. शिवाय रान एकसारखं होत नाही, ढेकळं राहतात अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहेच.

क्रॉस का तुटतो? बांधावर वळताना पीटीओ चालू ठेवूनच रोटर उचलला जातो. उचलला की शाफ्टचा कोन वाढतो. एका क्रॉसच्या जॉइंटमध्ये कोन असला की पुढचा शाफ्ट एकसारख्या गतीनं फिरत नाही. दर फेऱ्यात दोनदा तो जलद होतो, दोनदा मंद. कोन 30 अंशांचा असेल तर मिनिटाला 540 फेऱ्यांच्या पीटीओवर पुढच्या टोकाची गती 468 ते 624 या दरम्यान हेलकावे खाते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि शाफ्टवरचे आतले दोन काटे (क्रॉस धरणारे योक) एका रेषेत बसवलेले असले, तर पहिल्या जॉइंटचा हेलकावा दुसरा जॉइंट काढून टाकतो. ग्रीस भरताना शाफ्ट ओढून वेगळा केला आणि पुन्हा घालताना काटे एक-दोन दात सरकून बसले, तर हेलकावे एकमेकांना काटत नाहीत, उलट रोटरपर्यंत जाऊन पोचतात. क्रॉस तिथेच जातो. वळणावर पीटीओ बंद करणं, काटे जुळवणं आणि टॉप लिंक (अवजाराला ट्रॅक्टरशी जोडणारी वरची दांडी) नीट लावून रोटर पातळीत ठेवणं, यात बरीचशी मोडतोड थांबते.

ढेकळांचं कारण वेगळं. पातं मातीचा किती जाड काप घेतं हे ट्रॅक्टरच्या वेगावर, रोटरच्या फेऱ्यांवर आणि पाती बसतात त्या चकतीच्या (फ्लँजच्या) एका बाजूला किती पाती आहेत यावर ठरतं. ट्रॅक्टर ताशी 3 किलोमीटर, म्हणजे मिनिटाला 50 मीटर चालतोय, रोटर मिनिटाला 200 फेरे घेतोय आणि फ्लँजच्या एका बाजूला 3 पाती आहेत, तर काप 50 भागिले 600, म्हणजे सव्वाआठ सेंटिमीटरच्या आसपास. तेच काम ताशी 5 किलोमीटरनं उरकलं तर काप जवळपास 14 सेंटिमीटर. भाडं एकरावर असतं, त्यामुळे चालक घाई करतो आणि ढेकळं राहतात. त्यात काळं रान वाफशाला यायच्या आधीच धरलं तर पात्यांना चिखल चिकटून उरलेली कसर भरून निघते.

आता हीच अडचण घेऊन अभ्यासक्रम तपासू.

आयटीआयला मेकॅनिक ट्रॅक्टर हा एका वर्षाचा आणि मेकॅनिक अ‍ॅग्रिकल्चरल मशिनरी हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे. वर्षाच्या 1200 तासांपैकी 840 तास हातातल्या कामाला, म्हणजे दोन वर्षांत 1680 तास. तिथला विद्यार्थी क्रॉस काढेल, बसवेल, काटे एका रेषेत ठेवायचे हे त्याला माहीत असेल. का ठेवायचे, यात तो फार खोल जाणार नाही. दुरुस्तीचं दुकान हेच ध्येय असेल तर हा मार्ग कमी पैशाचा आणि सर्वांत झटपट आहे, आणि त्याला कमी लेखणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही अनेक घरांना ठाऊक नसतं.

मेकॅनिकलच्या पदवीत जॉइंटच्या गतीचा हेलकावा दुसऱ्या वर्षातच येतो. शाफ्ट किती जाडीचा हवा, गिअरचा दाता कुठे तुटतो, हे मेकॅनिकलवाला मांडून दाखवेल. पण मातीचा काप, वाफसा, खोडवा, सरीतलं अंतर यांचा त्याच्या पुस्तकात पत्ता नाही. ट्रॅक्टर कंपनीच्या रचना विभागात बसायचं असेल तर ही पदवी जास्त उपयोगी. पुणे जिल्ह्यात सणसवाडी, चाकण भागात ट्रॅक्टर आणि कापणी यंत्रांचे कारखाने आहेत. शेतीशी संबंध तुटला तरी मेकॅनिकलवाल्याला नोकरी इतरत्र मिळते, हा फायदा खरा आहे. मात्र सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मध्यम गुणांना लागणं कठीण. चुलत्यांच्या मनात होतं ते जवळचं खासगी कॉलेज. तिथे मेकॅनिकल मिळालं असतं, पण कारण "रोज घरी येशील" एवढंच उरत होतं.

बीएस्सी कृषीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज. शेतीची पदवी म्हणजे शेतीचं सगळं, अवजारंसुद्धा, असं धरलं जातं. आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात बीएस्सी कृषीला शेती यंत्रे व शक्ती हा एकच विषय, श्रेयांक (क्रेडिट) 2, त्यातला 1 प्रात्यक्षिकाचा, कागदावर 1+1 असा लिहिलेला. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला दोन तास. साधारण 16 आठवड्यांच्या सत्रात 32 तास, चार वर्षांत मिळून. तीस जणांची तुकडी आणि एक ट्रॅक्टर असेल तर दोन तासांच्या प्रात्यक्षिकात एकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात. पीक, माती, कीड-रोग शिकायचं तर पदवी चांगली, कृषी सेवेच्या परीक्षेलाही सरळ वाट आहे. पण या मुलीच्या वाक्याशी तिचं नातं 32 तासांचंच.

राहिलं बीटेक कृषी अभियांत्रिकी. महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीला, 1968 सालचं, आणि त्याच आवारात डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय. अशीच महाविद्यालयं अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत आहेत, शिवाय विद्यापीठांशी संलग्न खासगी महाविद्यालयं. इथे जॉइंटची गतीही शिकवतात आणि मातीचा कापही. आपल्या रोटरच्या दोन्ही तक्रारींना पूर्ण उत्तर देणारा हा एकच अभ्यासक्रम.

पण त्यातही एक फसगत आहे. कृषी अभियांत्रिकी म्हणजे यंत्रं, असं नव्हे. मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, प्रक्रिया व अन्न अभियांत्रिकी, अपारंपरिक ऊर्जा आणि यंत्रे व शक्ती, असे पाच विभाग एका पदवीत आहेत. यंत्रं हा पाचातला एक. पाचव्या समितीच्या आराखड्यात ट्रॅक्टर इंजिन, ट्रॅक्टरच्या प्रणाली, शेती अवजारे भाग एक आणि दोन, चालवणे व देखभाल, आणि कार्यशाळा, एवढ्यांचं प्रात्यक्षिक मोजलं तर 8 श्रेयांकांच्या आसपास भरतं, म्हणजे 250 तासांच्या थोडं वर. बीएस्सीच्या आठपट, पण आयटीआयच्या सहाव्या हिश्श्याइतकंही नाही. सहाव्या अधिष्ठाता समितीनं रचना बदलली आहे, तेव्हा चालू वर्षाचा आराखडा उतरवून घ्यायचा, यंत्रांच्या प्रत्येक विषयापुढचा आकडा पाहायचा आणि अधिक चिन्हानंतरच्या, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या, अंकांची बेरीज करायची. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि माहितीपुस्तिकेतल्या सगळ्या रंगीत फोटोंपेक्षा जास्त सांगतं.

गणिताबद्दल एक गोष्ट धाकट्या भावंडांसाठी. "शेतीचंच करायचंय ना, मग जीवशास्त्र घे" असं म्हणून अकरावीत गणित सोडणारी मुलं दरवर्षी भेटतात. बीएस्सी कृषीला ते चालतं. कृषी अभियांत्रिकीला भौतिक, रसायन, गणित हवंच. दोन वर्षांनी तिथे दार बंद दिसतं.

घरचा पुढचा बेत काय, हेही निवडीत आलं पाहिजे होतं, आणि इथे चर्चा जरा लांबली. चुलत्यांना गटानं औजारे बँक (भाड्यानं अवजारं देणारं केंद्र) काढून ऊस तोडणी यंत्र घ्यायचंय. टोळ्या मिळत नाहीत, मुकादम उचल घेऊन गायब होतात, त्यामुळे विचार चुकीचा नाही. राज्यात ऊस तोडणी यंत्राला 40 टक्के किंवा 35 लाख यांपैकी कमी ती रक्कम, असं अनुदान आलं होतं. पण यंत्राची किंमत कोटीच्या घरात, आणि तोटा होतो तो अनुदानाबाहेरच्या गोष्टींत. यंत्राला साडेचार-पाच फुटी सरी लागते. तीन-साडेतीन फुटी सरीत चाक बुडख्यावर चढतं आणि खोडवा मार खातो. दहा-बारा गुंठ्यांच्या तुकड्यात तोडण्यापेक्षा वळण्यातच डिझेल जळतं. बुडखा कापणारी पाती वर राहिली तर सर्वांत जास्त साखरेच्या कांड्या रानात राहतात, खाली गेली तर माती उसाबरोबर कारखान्यात जाते आणि खोड उपटून येतं. पाती बोथट झाली तर बुडखा कापत नाही, फाटतो. तुकडे झालेला ऊस पडून राहिला तर अख्ख्या उसापेक्षा लवकर खराब होतो, म्हणून वाहनांचं वेळापत्रक हेही यंत्राइतकंच महत्त्वाचं. यातलं दुरुस्तीचं काम किती? थोडं. सरीचं अंतर आधीच्या लागणीला ठरवणं, रानांचा क्रम लावणं, तासाचा खर्च काढणं, हे सगळं त्या तिसऱ्या प्रकारचं काम आहे. ती भाड्याची वही ठेवते, म्हणजे त्याची सुरुवात तिनं आधीच केली आहे.

तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यातही हेच. औषध फवारणीचा ब्लोअर सगळ्यांकडे आहे, पण एकरी नेमकं किती पाणी जातंय हे थोडेच मोजतात. सगळ्या नोझलचं मिळून मिनिटाला 24 लिटर, वेग ताशी 4 किलोमीटर, ओळीतलं अंतर 2.7 मीटर: 24 गुणिले 600 (हा एककं जुळवणारा आकडा), भागिले (4 गुणिले 2.7), म्हणजे हेक्टरी 1333 लिटर, एकरी 540. नोझल झिजलं की हाच आकडा गुपचूप वाढतो आणि औषधाचं बिलही. हे मोजून देणाऱ्याला त्या भागात काम आहे.

कृषी अभियांत्रिकी करायचं, इथपर्यंत घर आलं. मग पैशाचा प्रश्न.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे. अट मोठी: प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. एकाच संस्थेचं, एकाच रस्त्यावरचं कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आणि स्वतःचं खासगी विद्यापीठ, दोन्ही असू शकतात. पाटीवरचं नाव जवळपास सारखं, सवलत मात्र एकालाच. म्हणून प्रवेशाच्या वेळी विचारायचा प्रश्न "कॉलेज चांगलं आहे का" हा नाही, "पदवीच्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येईल" हा. त्याच प्रश्नात पुढचंही आलं. काही अभियांत्रिकी महाविद्यालयांत एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) रचनेत कृषी अभियांत्रिकीची शाखा असते. ती वाईट नाही, पण पुढे आयसीएआरच्या परीक्षेतून एमटेक करायचं तर आयसीएआरची अधिस्वीकृती पाहावी लागते. एमटेक प्रवेशाच्या गेट परीक्षेला कृषी अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे, तो मार्ग खुला राहतो. सरकारी भरतीत कृषी अभियंत्यांची पात्रता आणि परीक्षेतला त्यांच्या विषयांचा वाटा बदलत आला आहे, तेव्हा नुसत्या एमपीएससीच्या भरवशावर ही पदवी घेऊ नये. वडिलांना हे पटायला वेळ लागला.

सवलतीत वसतिगृह आणि मेस येत नाही. निर्वाह भत्त्याच्या योजना महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर असतात, त्यातली आपल्या प्रवर्गाला कोणती लागते ते पाहावं, पण पैसे उशिरा जमा होतात असं धरूनच पहिल्या सत्राची मेस हाताशी ठेवावी.

खासगी महाविद्यालय पाहायला गेल्यावर इमारत पाहू नये, कार्यशाळेत जावं. सरावाच्या ट्रॅक्टरचा तासमापक वाचायचा आणि ट्रॅक्टर किती सालचा ते विचारायचं. आठ वर्षांचा ट्रॅक्टर आणि 300 तास, तर मुलांच्या हातात तो कधी दिला जात नाही हे उघड आहे. डिझेलची नोंदवही मागायची. वेल्डिंगच्या टेबलावर ताजे थेंब पडलेत का पाहायचं. इंजिनचा कापलेला नमुना काचेत ठेवलेला असतो, तो सगळीकडेच असतो, त्यावर भाळू नये. हायड्रॉलिकचा पंप उघडून पाहता येतो का, पीटीओवर ताकद मोजायचं साधन चालू आहे की झाकून ठेवलंय, हे विचारावं. शेवटच्या वर्षाची मुलं औद्योगिक प्रशिक्षणाला कुठे गेली, याची यादी मागावी. नुसत्या विक्रेत्याच्या शोरूममध्ये गेली असतील तर ते प्रशिक्षण नव्हे. राहुरीला अवजारांच्या चाचणीचं केंद्र आहे, आणि अनुदानाला पात्र ठरणाऱ्या यंत्राला अधिकृत चाचणी अहवाल लागतो. म्हणजे वाचायला खरे अहवाल हाताशी. शासकीय महाविद्यालयाचा हा फायदा जाहिरातीत दिसत नाही.

शेवटी पसंतीक्रम असा लागला: राहुरी, मग दापोली, परभणी, अकोला, आणि त्यानंतर तासमापक वाचून ठरवलेलं एकच संलग्न खासगी महाविद्यालय. अभियांत्रिकीच्या वेगळ्या फेरीत मेकॅनिकलचाही अर्ज भरला. तिथे एक सावधगिरी. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही, म्हणून जिथे खरंच जायचं नाही ते "बघू तर" म्हणून वर टाकायचं नाही.

कागदपत्रांत अडकलं ते सातबाऱ्यावर. कृषी प्रवेशात शेतकऱ्याच्या मुलांना सातबाऱ्यावर अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळतो. उतारा आजोबांच्या नावावर, आजोबा हयात नाहीत, वारस नोंद राहिलेली. फेरफार तलाठ्याकडे टाकला तरी नोटिशीची मुदत सरल्याशिवाय मंजूर होत नाही, आणि अर्जाची मुदत तोवर थांबत नाही. नॉन-क्रीमी लेअर, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला बारावीची परीक्षा संपली की लगेच काढायला हवेत. वारस नोंद तर दहावीलाच.

तासांची तूट भरून काढायचं ठरलं ते असं: पहिल्या दोन उन्हाळ्यांत गावातल्या मिस्त्रीकडे महिना-महिना बसायचं, रोजगार न घेता. पहिल्या उन्हाळ्यात क्लच, ब्रेक, पीटीओ आणि वेल्डिंग, दुसऱ्यात हायड्रॉलिक. मिस्त्रीनं एकच अट घातली, स्वतःचे पाने घेऊन यायचे.